तिसरं पान

खालून रिसेप्शनवरचा फोन आला तेव्हा मी साहेबांच्या दिवसभराच्या भेटींची यादी टाइप करत होते.

"मॅडम, एक बाई आल्या आहेत. त्यांची भाषा आम्हाला कळत नाहीये. बहुतेक तुमच्याकडची आहे."

दिल्लीतल्या त्या सातमजली इमारतीत 'तुमच्याकडची' म्हणजे मराठी. एवढ्या माणसांत मराठी बोलणारे आम्ही दोघंच होतो, साहेब आणि मी. मी खाली गेले.

काचेच्या दाराजवळच्या बाकावर पन्नाशीची एक बाई बसली होती. नऊवारी नाही, साधं सुती पातळ, डोक्यावर पदर, मांडीवर रेशनच्या दुकानातली पिशवी. मी "बोला, काय काम होतं?" म्हटलं, तशी ती उठून उभी राहिली आणि क्षणभर नुसती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. दोन दिवसांत तिच्या कानावर मराठी पडलं नसावं.

"मी पुस्तकला गभणे. तुमसरकडची. शालिकराम गभणे माहे मालक हायेत जी."

शालिकराम गभणे हे नाव तेव्हा रोज पेपरात येत होतं.

मध्य प्रदेशच्या हद्दीत, सीमेजवळ, एक सरकारी दारूगोळ्याचा कारखाना होता. चार महिन्यांपूर्वी तिथल्या पॅकिंगच्या शेडमध्ये स्फोट झाला आणि नऊ बायका जागच्या जागी गेल्या. शालिकराम तिथे स्टोअरचा सुपरवायझर होता. स्फोटाच्या दहा मिनिटं आधी तो शेडमधून बाहेर पडला होता, एवढ्यावर हा घातपात आहे आणि तो त्यानं केला, असं ठरलं. तपास आमच्याकडे, म्हणजे आमच्या केंद्रीय यंत्रणेकडे होता. संसदेत मंत्र्यांनी घातपात असं सांगूनही टाकलं होतं.

"त्यायले दम लागते," पुस्तकलाबाई म्हणाल्या. "स्फोट झाला तवा हे मागं पळाले. दोन बायांले ओढून काढलं. तो धूर छातीत गेला. आता जेलात बोलाले बी जमत नाई. वकील म्हणते, दुसरा कागद आला का जामीन भेटते. तो कागद आला का, बाई?"

दुसरा कागद म्हणजे दुसऱ्या प्रयोगशाळेचा अहवाल. पहिल्या अहवालात काही ठाम नव्हतं, म्हणून नमुने पुन्हा तपासायला पाठवले होते. तो अहवाल त्याच दिवशी, सकाळी सव्वादहाला, बंद पाकिटातून आला होता. आवकवहीत मीच नोंदवला होता आणि साहेबांच्या टेबलावर मीच ठेवला होता.

"असं आम्हाला सांगता येत नाही," मी म्हटलं. "आला की कोर्टात जाईल. आमचे साहेब कागद दडवणारे नाहीत."

"तुम्ही म्हणता तर मग ठीक," त्या म्हणाल्या आणि पिशवी उचलून निघाल्या. त्यांची संध्याकाळची गाडी होती.

साहेबांबद्दल मी बोलले ते उगीच नव्हतं.

श्रीधर पाथ्रीकर परभणीला सरकारी वकील होते तेव्हा मी त्यांच्याकडे लघुलेखिका म्हणून लागले. एका खुनाच्या खटल्यात पोलिसांच्या कागदांत त्यांना एक जबाब सापडला. त्या जबाबानं आरोपी सुटत होता. पोलीस म्हणाले, साहेब, तो राहू द्या बाजूला. साहेबांनी तो उचलला आणि भर कोर्टात आरोपीच्या वकिलाच्या हातात दिला. खटला पडला. गावात त्यांच्या घरावर दगड आले. पण हायकोर्टातल्या एका न्यायमूर्तींनी ती गोष्ट लक्षात ठेवली. तिथून औरंगाबाद, मुंबई, मग दिल्लीत केंद्राचे खास वकील. पुढे आमच्या यंत्रणेत दोन बडे पोलीस अधिकारी खुर्चीसाठी एकमेकांवर आरोप करू लागले, पार कोर्टापर्यंत गेले, तेव्हा सरकारनं दोघांनाही बाजूला सारून साहेबांना प्रमुख केलं. अंगावर कधी वर्दी न चढवलेला पहिला प्रमुख. दर बदलीत मी त्यांच्याबरोबर गेले. मी लग्न केलं नव्हतं, आई गेली होती, मला कुठेही चालत होतं. बावीस वर्षं मी त्या माणसाचं अक्षर न् अक्षर टाइप केलं.

त्या दुपारी साहेबांनी मला आत बोलावलं. अहवाल त्यांच्यासमोर उघडा होता.

"दुधानेबाई, बसा. निवेदन घ्यायचंय."

जामिनाच्या अर्जावर शुक्रवारी सुनावणी होती. अहवाल आला की नाही यावर आमचे अधिकारी दर वेळी वेगळं सांगत होते, म्हणून न्यायाधीशांनी वैतागून थेट प्रमुखांच्या सहीचं लेखी निवेदन मागवलं होतं. तिथल्या कोर्टाची भाषा हिंदी, तेव्हा निवेदनही हिंदीत. साहेब सांगत गेले, मी शॉर्टहँडमध्ये घेत गेले. सातव्या परिच्छेदात त्यांनी सांगितलं, 'दूसरी प्रयोगशाला की रिपोर्ट प्राप्त. प्रति संलग्न.'

"यात घातपात नाही ना, साहेब?" मी असं कधी विचारत नसे. त्या दिवशी विचारलं.

"नाही. शेडमधलं हवा दमट ठेवणारं यंत्र दोन वर्षं बंद होतं. कोरड्या हवेत ठिणगी पडली." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "त्या माणसानं चार वेळा लेखी तक्रार केली होती, यंत्र दुरुस्त करा म्हणून. तेही यात आहे."

बुधवारी सकाळी मी निवेदनाची चार पानं त्यांच्यापुढे ठेवली. ते शपथपत्र नव्हतं, त्यामुळे सही फक्त शेवटच्या पानावर. साहेबांनी पहिल्यापासून वाचलं, सही केली आणि म्हणाले, "साडेचारच्या आत रवाना करा." तेवढ्यात त्यांना मंत्रालयातून बोलावणं आलं आणि ते गेले.

पावणेचारला माझ्या टेबलावरचा फोन वाजला.

"दुधानेबाई, निवेदन गेलं का?"

"नाही साहेब. साडेचारला माणूस निघेल. विमानाचं तिकीट झालंय त्याचं."

पलीकडे कुणीतरी बोलत होतं. कपबशीचा आवाज आला.

"तिसरं पान एकदा नजरेखालून घाला."

"घातलंय, साहेब. दोनदा."

फोन कट झाला असं मला वाटलं.

"पुन्हा घाला," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

मी पाकिटातून पानं काढली. तिसऱ्या पानावर सातवा परिच्छेद होता. बाकी सगळा मजकूर किरकोळ, तारखा आणि कलमं. चूक एकही नव्हती, हे मला आधीच माहीत होतं. बावीस वर्षांत साहेबांनी मला एक गोष्ट दोनदा सांगितली नव्हती.

मी शिपायाला चहा आणायला पाठवलं. कॉम्प्युटरवर पान उघडलं. 'प्राप्त'च्या आधी 'अ' घातला. 'प्रति संलग्न' पुसलं. पान छापलं, जुनं फाडून टाकलं, नवं घातलं. जोडलेली अहवालाची प्रत काढून माझ्या खणात ठेवली. मूळ अहवाल साहेबांच्या कपाटात होताच. साडेचारला पाकीट गेलं. चहा आला तेव्हा तो मला पिववला नाही.

सहाच्या सुमाराला साहेब परतले. माझ्या टेबलापाशी थांबले.

"गेलं?"

"गेलं, साहेब."

त्यांनी मान हलवली आणि आत गेले. मी काय केलं ते त्यांनी विचारलं नाही. त्यांना काय म्हणायचं होतं ते मी विचारलं नाही.

शुक्रवारी जामीन फेटाळला गेला. प्रमुखांच्याच सहीनं अहवाल अप्राप्त आहे म्हटल्यावर न्यायाधीश तरी काय करणार? संसदेचं अधिवेशन संपायला तेव्हा अडीच आठवडे होते. ते संपलं की अहवाल पाठवायचा, असंच ठरलं असणार. मीही मनाशी तेच धरून बसले. अडीच आठवडे, मग माणूस सुटेल. तुरुंगात दवाखाना असतो. मी रोज खण उघडत होते आणि प्रत जागेवर आहे का ते बघून बंद करत होते.

पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी, म्हणजे निवेदन गेल्यापासून दहाव्या दिवशी, शालिकराम गभणे तुरुंगाच्या दवाखान्यात वारला. फुप्फुसात पाणी झालं होतं. सोमवारी सकाळी फॅक्स आला तो मीच साहेबांकडे नेला.

त्यांनी तो वाचला. दोन ओळींचा कागद, तरी पुष्कळ वेळ वाचत राहिले.

"तिसरं पान तुम्ही बदललंत," ते म्हणाले.

"हो, साहेब."

"मी बदला म्हणालो नव्हतो."

"नाही."

ते उठून खिडकीपाशी गेले. पाठ माझ्याकडेच होती.

"पण मला तेच म्हणायचं होतं. समोर सचिव बसले होते. तो शब्द माझ्या तोंडून निघेना, लाज वाटली. म्हणून तुम्हाला कळेल असं बोललो. तुम्हाला कळणार हे मला ठाऊक होतं, बाई. दुसरं कुणी असतं तर पान पुन्हा वाचून तसंच पाठवलं असतं."

ते शेवटचं वाक्य त्यांनी मला टोचून म्हटलं नव्हतं. पण मी आजही झोपायला अंग टाकलं की तेच ऐकते.

"अहवाल आजच पाठवा," ते वळून म्हणाले. "अधिवेशन गेलं खड्ड्यात. माझ्या सहीनं पाठवा. आणि ती प्रत द्या इकडे."

बारा दिवसांनी ती प्रत माझ्या खणातून निघाली.

अहवालावरची तारीख आणि आमच्या निवेदनाची तारीख न्यायाधीशांनी ताडून बघितली आणि खुलासा मागितला. दुसऱ्या खात्यातले एक अधिकारी चौकशीला नेमले गेले. जबाब घेण्याच्या आदल्या दिवशी साहेबांनी मला आत बोलावून दार लावायला सांगितलं. टेबलावर त्यांच्या हस्ताक्षरातली दोन पानं होती.

"हा माझा जबाब. उद्या तुमचा आधी घेतील, मग माझा. फोन केला ते सांगा. काय बोललो ते जसंच्या तसं सांगा. माझी काळजी करू नका. तीस वर्षं मी लोकांना पिंजऱ्यात उभं करून खरं बोला म्हणत आलोय. मलाही एकदा उभं राहू द्या."

"तुमची नोकरी जाईल, साहेब."

"जाऊ दे."

"खटला होईल तुमच्यावर."

"व्हायलाच पाहिजे," ते म्हणाले. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा मला मोकळा दिसला.

चौकशी अधिकारी फार सभ्य होते. मला खुर्ची दिली, पाणी दिलं. माझी नोकरी किती वर्षं झाली, निवृत्तीला किती राहिली ते विचारलं. मग तिसरं पान माझ्यासमोर सरकवलं.

"'प्राप्त' आणि 'अप्राप्त'. एका अक्षराचाच फरक आहे, नाही का? कामाच्या घाईत असं होतं. तुमच्याकडून तसं काही झालं का?"

साहेबांनी सांगितलेलं सगळं माझ्या जिभेवर होतं. मी त्यांच्या दोन पानांचा विचार केला. परभणीच्या कोर्टात तो जबाब दुसऱ्याच्या हातात देणारे साहेब डोळ्यांसमोर आले आणि या माणसाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायला मी कारण होणार, असं मनात आलं. खरं सांगायचं तर माझ्या स्वतःच्या पेन्शनचाही विचार आला. त्यातलं कुठलं आधी आलं हे मला आता सांगता येणार नाही.

"हो," मी म्हटलं. "टाइप करताना माझीच चूक झाली."

त्यांनी लगेच लिहून घेतलं. एका अक्षराची चूक झाली, तर मग जोडलेला कागद कुठे गेला, हे त्यांनी विचारलं नाही. साहेबांना त्यांनी आत बोलावलंच नाही. टंकनदोष निष्पन्न झाला आहे, आता आपल्या जबाबाची आवश्यकता नाही, असं नम्रपणे कळवलं. सगळ्यांनाच ते सोयीचं होतं. माझ्या सेवापुस्तकात ठपका आला. शालिकरामवरचा खटला आरोपी मयत म्हणून बंद झाला. निर्दोष म्हणून नाही. मेलेल्या माणसाला कोर्ट निर्दोष सोडत नाही, त्याची फाईल फक्त मिटते. बाकी कुणावर काही झालं नाही.

माझा जबाब झाला त्या संध्याकाळी मी साहेबांकडे गेले. मला वाटत होतं ते रागावतील, आणि मग कधीतरी बरं वाटेल त्यांना. त्यांनी ती दोन पानं पुढ्यात ठेवली होती.

"सचिवांना दिली," ते म्हणाले. "त्यांनी परत पाठवली. म्हणाले, चौकशी संपली." मग माझ्याकडे बघितलं. "एवढं एकच मागितलं होतं तुमच्याकडे."

ते आणखी चौदा महिने त्या खुर्चीवर होते. रोज वेळेवर यायचे, सह्या करायचे. मला त्यांनी पुन्हा एक ओळही सांगितली नाही. सगळं हातानं लिहायचे आणि शिपायाबरोबर बाहेर पाठवायचे. निवृत्त झाले तेव्हा हारतुरे झाले, भाषणं झाली. परभणीत इतक्या उंचीवर गेलेला दुसरा माणूस नाही, असं तिथल्या पेपरांत छापून आलं. ते परभणीला गेले, पण कोर्टाची पायरी चढले नाहीत. वकील मंडळींनी सत्कार ठेवला तर प्रकृतीचं कारण सांगून घरी बसले. चार वर्षांनी गेले. मला दोन दिवसांनी कळलं.

ते गेल्यावर तीन वर्षांनी मी निवृत्त झाले. पुण्यात भाचीजवळ खोली घेतली. एक पूर्ण पावसाळा मी जाऊ की नको करत काढला आणि मग एका मार्गशीर्षातल्या सकाळी तुमसरच्या स्टँडवर उतरले.

गाव तिथून सात मैलांवर होतं. घर विचारलं तेव्हा पानटपरीवरचा माणूस म्हणाला, "तो बॉम्बवाला शालिक? त्याचं का?" आणि बोट दाखवलं.

पुस्तकलाबाई अंगणात धान पाखडत होत्या. त्यांनी मला ओळखलं. सूप खाली ठेवलं, पाण्याचा तांब्या आणून दिला आणि समोर बसल्या.

"तुमच्या हापिसातून कागद आला होता," त्या म्हणाल्या. "मास्तरानं वाचून दाखवला. अक्षर चुकलं म्हणे."

"हो."

"मले वाचता येत नाई. पण मी मास्तराले इचारलं. अक्षर चुकलं ते समजलं, मंग तो कागद कोठं गेला होता? मास्तराले सांगता नाई आलं. तुमाले येते?"

नऊ वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं.

"माझ्या खणात होता," मी म्हटलं.

"किती दिवस?"

"बारा."

त्यांनी सुपातलं धान हातानं सारखं केलं. पुन्हा विस्कटलं.

"ते दहाव्या दिवशी गेले."

"माहीत आहे."

मग मी सगळं सांगितलं. त्या मंगळवारी त्या बाकावर बसल्या होत्या तेव्हा कागद आलेला होता, इथपासून. फोन, पान, फाडलेलं पान, चौकशी. साहेबांचं नावही घेतलं. त्या रडल्या नाहीत. मी थांबल्यावर म्हणाल्या, "म्हंजे अक्षर नाई चुकलं."

"नाही."

"तसं लिहून द्या."

पिशवीतून वही काढली आणि त्यांच्या ओट्यावर बसून मी लिहिलं. पाऊण तास लागला. कुठे काय घडलं, कुणी काय म्हटलं, अहवालात काय होतं, शालिकरामनं चार वेळा तक्रार केली होती तेही. साहेबांचं नाव लिहिताना हात थांबला. मग पूर्ण नाव लिहिलं. खाली माझी सही, तारीख, पत्ता.

"वाचून दाखवू?" मी विचारलं.

"थांबा," त्या म्हणाल्या आणि कुडापलीकडे गेल्या. बोलण्याचा आवाज आला, बराच वेळ. परतल्या तेव्हा मागोमाग एक वयस्क बाई होत्या, काठी टेकत. अंगणाच्या तोंडाशी येऊन त्या उभ्या राहिल्या, आत पाऊल टाकेनात.

"ही भागरता ठवकर," पुस्तकलाबाईंनी मला सांगितलं. "हिची पोरगी त्या शेडात होती. नऊ जणीत एक. आता वाचा."

मी वाचलं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत. मध्ये एकदा पुस्तकलाबाईंनी तांब्या पुढे केला, पण माझ्याकडे बघितलं नाही. त्या भागरताबाईंकडे बघत होत्या. यंत्र दोन वर्षं बंद होतं, हे आलं तेव्हा भागरताबाईंनी काठी घट्ट धरली. चार तक्रारींचं आलं तेव्हा त्या हळूच खाली बसल्या, तिथेच, अंगणाच्या तोंडाशी मातीत.

वाचून झालं. शेजारच्या वावरात कुणीतरी बैलांना हाकत होतं.

"नऊ वर्सं तुह्या दारात पाय नाई ठेवला मी," भागरताबाई म्हणाल्या.

"आता आली ना," पुस्तकलाबाई म्हणाल्या. "मातीत काऊन बसली? आत ये."

त्यांनी भागरताबाईंना हाताला धरून उठवलं आणि ओट्यावर नेऊन बसवलं. कागद माझ्या हातातून घेतला, दोन घड्या घातल्या आणि कमरेला खोचला. मग दोघी शेजारी शेजारी बसून राहिल्या.

मी चपला घातल्या. स्टँडवरची बस पाचची होती, अजून दीड तास होता. मला कुणी थांबा म्हटलं नाही.